झोपेतून काढलेला वेळ

मीरा रोडला राहणारी आणि अंधेरी-चर्चगेटकडे कामाला जाणारी कितीतरी माणसे सकाळी आधी उलट्या दिशेची गाडी धरतात. एक स्टेशन मागे भाईंदरला जायचे, तिथून सुटणाऱ्या लोकलमध्ये खिडकी मिळाली तर खिडकी, नाहीतर निदान चौथी सीट अडवायची आणि पुन्हा मीरा रोडवरूनच मुंबईकडे निघायचे. पासही त्यासाठी भाईंदरचा काढलेला असतो. या उलटफेरीत दहा-वीस मिनिटे जातात. ती ऑफिसच्या वेळेतून निघत नाहीत, डबा करण्याच्या वेळेतून निघत नाहीत, मुलांच्या शाळेच्या वेळेतून तर नाहीच नाही. ती झोपेतून निघतात. तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलेल्या नोटांसारखी झोप असते. घरात काहीही कमी पडले की हात पहिल्यांदा तिथेच जातो, आणि नोटा संपत आल्या तरी वरून तांदूळच दिसत राहतात.

झोप, व्यायाम आणि आहार माणसाला बरे ठेवतात, हे सांगायला संशोधक लागत नाही. डॉक्टर सांगतात, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या सांगतात, सकाळी सातच्या आत घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एखादे काकाही सांगतात. पण हे तिघे सारख्याच वजनाचे आहेत का, विशीत जो पहिला तो साठीतही पहिलाच राहतो का, आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते का, या प्रश्नांवर गेल्या दहा-पंधरा वर्षांत बरेच काम झाले आहे. त्याचा आढावा मीरा-भाईंदर डोळ्यांसमोर ठेवून घेण्याचे कारण एवढेच की, इथे हे तिघेही एकाच घड्याळातून काढावे लागतात, आणि परदेशी संशोधनात ही अडचण सहसा तळटीपेत जाते.

आधी थोडे मागे जाऊ. चरकसंहितेत शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले आहेत: आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. व्यायाम त्या तिघांत नाही. तो दिनचर्येत येतो, आणि वाग्भट तर बलवानानेही तो अर्ध्या ताकदीपर्यंतच करावा असे बजावतो. ज्या समाजात बहुतेकांचा दिवसच अंगमेहनतीत जातो, तिथे हा सल्ला शहाणपणाचा होता. भाईंदरच्या मिठागरात मीठ ओढणाऱ्या आगरी माणसाला किंवा उत्तनच्या किनाऱ्यावर जाळी ओढणाऱ्या कोळ्याला संध्याकाळी फेरफटका मारून या, असे कुणी सांगितले नसते. मग मिठागरांच्या आणि शेतांच्या कडेने इमारती उठल्या. १९८५ साली इथे नगरपालिका झाली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका. २००१च्या जनगणनेत ५,२०,३८८ माणसे होती, २०११मध्ये ८,०९,३७८. या नव्या माणसांतले बहुतेक बसून काम करणारे, किंवा उभ्याने प्रवास करून मग बसून काम करणारे.

व्यायाम ही मोजण्याची वेगळी गोष्ट झाली ती अशा बसलेल्या माणसांमुळेच. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास छापला. दुमजली बसचा ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिने चढत-उतरत. आणि हृदयविकार कंडक्टरांत कमी. पुढे मॉरिस यांनीच आणखी एक गोष्ट शोधली, जी मला मूळ अभ्यासापेक्षा जास्त आवडते. १९५६ साली त्यांनी कंपनीने दिलेल्या गणवेशांची मापे तपासली. ड्रायव्हरांच्या पँटी कंबरेला कंडक्टरांपेक्षा रुंद होत्या, अगदी तरुण वयातही. म्हणजे जिन्यांमुळे कंडक्टर सडसडीत राहिले, की मुळात सडसडीत माणसेच कंडक्टर झाली, हा प्रश्न उभा राहिला. तो अजूनही बसलेला नाही. या क्षेत्रातला कुठलाही नवा निष्कर्ष वाचताना ती पँट आठवावी. चांगले झोपणारे सुखी दिसतात; पण सुखी माणसालाच तर चांगली झोप लागत नसेल?

तिघांना एकाच तराजूत घालणारा एक अभ्यास २०२०मध्ये न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातून आला. शे-रुबी विकहॅम आणि सहकाऱ्यांनी न्यूझीलंड व अमेरिकेतल्या १८ ते २५ वयाच्या १,१११ तरुणांना झोप, हालचाल, खाणे आणि मनाची अवस्था यांबद्दल विचारले. उदासपणा आणि स्वास्थ्य या दोन्हींशी सर्वांत घट्ट संबंध निघाला तो झोपेच्या प्रतीचा, म्हणजे सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटते की नाही याचा. किती तास झोपलो हे त्याच्या मागे, व्यायाम त्याच्याही मागे. आहारातल्या गोष्टींपैकी कच्ची फळे आणि भाज्या तेवढ्या स्वास्थ्याशी जुळल्या, उदासपणाशी तितक्या नाहीत. पाहणी एकदाच केलेली, उत्तरे ज्याची त्याने दिलेली. पँटीची शंका इथे पुरेपूर लागू होते. तरीही हा क्रम पुढे इतरांच्या कामाशी बऱ्यापैकी जुळला.

कारण झोपेवर प्रयोगही झाले आहेत. ब्रिटनमधल्या २६ विद्यापीठांतल्या ३,७५५ विद्यार्थ्यांवरच्या प्रयोगात, २०१७ साली, निम्म्यांना निद्रानाशावरची वागणूक-उपचारपद्धती संगणकावरून दिली. त्यांची झोप सुधारली आणि तिच्या मागोमाग संशयीपणा, चिंता, उदासपणा कमी झाला. २०२१मध्ये अशा ६५ प्रयोगांचा एकत्रित आढावा निघाला. त्यातही झोप जितकी जास्त सुधारली तितके मन जास्त सुधारले. म्हणजे बाण निदान काही प्रमाणात तरी झोपेकडून मनाकडे जातो. झोपेकडून पोटाकडे जातो हेही दिसले आहे. जास्त वजनाच्या ८० माणसांना शिकागोत रात्री सव्वा तास अधिक झोपायला शिकवले, तर खाण्याबद्दल एक शब्दही न सांगता त्यांचे खाणे दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी घटले. हा २०२२चा प्रयोग. ‘खाण्यावर ताबा नाही’ असे स्वतःला बोलणाऱ्या माणसांना तो छापून द्यायला हवा.

सहा तास झोपून माझे भागते, असे सांगणारा माणूस प्रत्येक डब्यात भेटतो. २००३ साली अमेरिकेत हान्स व्हॅन डाँगेन यांनी निरोगी माणसांना प्रयोगशाळेत चौदा दिवस सहा-सहा तासच झोपू दिले. शेवटी त्यांचे लक्ष आणि प्रतिसाद यांची अवस्था रात्रभर जागलेल्या माणसांसारखी झाली होती. पण त्यांना विचारले तर ते म्हणत होते, थोडी झोप येते, बाकी ठीक आहे. उणीव वाढत गेली आणि उणिवेची जाणीव मात्र काही दिवसांत थांबली. ‘भागते’ या साक्षीला म्हणूनच फारसे मोल देता येत नाही.

आता आपल्याजवळचा पुरावा. या सगळ्या साहित्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो चेन्नईतला प्रयोग, २०२१ साली अर्थशास्त्राच्या नियतकालिकात आलेला. डॉक्टरांच्या चर्चेत तो फारसा ऐकू येत नाही. डेटा-एंट्रीचे काम करणाऱ्या ४५२ कमी उत्पन्नाच्या माणसांच्या मनगटाला यंत्र बांधून झोप मोजली. ती अंथरुणावर आठ तास असत आणि झोप होई साडेपाच तास. आठ तास पडून राहूनही! गरमी, डास, आवाज, उजेड, दाटीवाटी. संशोधकांनी त्यांना सल्ला दिला, पंखे, गाद्या, कानात घालायचे बोळे, डोळ्यांवरच्या पट्ट्या दिल्या. रात्रीची झोप सत्तावीस मिनिटांनी वाढली. पण ती वाढली अंथरुणावर आणखी जास्त वेळ पडून राहिल्याने, झोपेची प्रत तशीच राहिली. कामात, मिळकतीत, मनःस्थितीत काही फरक पडला नाही. दुसऱ्या एका गटाला कामाच्या जागीच, शांत खोलीत, दुपारी अर्धा तास झोपू दिले. त्यांचे काम सुधारले, लक्ष सुधारले, मन बरे वाटू लागले. अर्थात तो अर्धा तास कामातून गेला, आणि तेवढा वेळ काम करत राहिलेल्यांच्या तुलनेत त्यांची मिळकत थोडी कमीच भरली. वामकुक्षीला शास्त्राचा दाखला मिळाला, पण पगारी रजा मिळाली नाही.

हा प्रयोग जवळचा वाटतो, कारण चेन्नईच्या त्या घरांतले अंथरूण आपल्या ओळखीचे आहे. वन रूम किचन किंवा वन बीएचके. हॉलमध्ये दिवाणावर आजोबा, खाली गादी टाकून मुले, रात्री अकराला परतलेल्या माणसासाठी पुन्हा लागणारा दिवा आणि गरम होणारे ताट. त्यात कुणी कॉल सेंटरच्या रात्रपाळीचा, कुणी मालिकेच्या शूटिंगवर बारा-बारा तासांच्या शिफ्टला जाणारा. एकाची सकाळ दुसऱ्याच्या मध्यरात्रीवर येऊन आदळते. रात्रपाळीच्या कामाला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००७मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ म्हटले आणि २०१९मध्ये ते कायम ठेवले. पण रात्रपाळी सोडणे हा सल्ला नोकरी सोडण्याचा सल्ला होतो, म्हणून तो कुणी देत नाही. बाहेरून खाडीकाठचे डास आणि खालच्या रस्त्यावरचे हॉर्न. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २००९मध्ये ४० सुचवली. लग्नाची वरात खालून जाताना या दोन आकड्यांतला फरक काढण्याच्या मनःस्थितीत कुणी नसते. झोपेच्या लेखांत ‘खोली शांत, अंधारी आणि थंड ठेवा’ असे वाक्य हमखास असते. खोली एकच असली तर काय, याचे उत्तर त्या लेखांत नसते, आणि चेन्नईचा प्रयोग सांगतो की बोळे आणि पट्ट्या हे ते उत्तर नव्हे.

मग सुरुवातीची ती उलटफेरी इतकी वेडगळ राहत नाही. भाईंदरपासून चर्चगेट सुमारे ४३ किलोमीटर. एक ते सव्वा तास. सीट मिळाली तर त्यातला निम्माअधिक वेळ डोळा लागतो. घरातल्या गलक्यातली पंधरा मिनिटे देऊन माणूस गाडीतली डुलकी विकत घेतो. हा सौदा फायद्याचा की तोट्याचा, हे मोजायला चेन्नईसारखेच यंत्र मनगटावर हवे. पण सौदा करणाऱ्याला आपले काय चालले आहे ते कळते, एवढे नक्की.

तिशी ओलांडली की चित्र बदलते. सुखाचे वयानुसार आलेख काढणाऱ्या डेव्हिड ब्लँचफ्लॉवर यांनी अनेक देशांच्या आकड्यांवरून दाखवले होते की समाधान तरुणपणी जास्त, पन्नाशीच्या अलीकडे सर्वांत कमी आणि पुढे पुन्हा चढते. गंमत म्हणजे २०२५मध्ये त्यांनीच सहकाऱ्यांसह लिहिले की हा आकार मोडतो आहे: मधल्या वयाचे लोक सुधारले म्हणून नव्हे, तर तरुणांचीच मनःस्थिती ढासळली म्हणून. मधल्या वयाची ओढाताण मात्र तशीच आहे, आणि तिथे प्रश्न प्रतीपेक्षा वेळेचा होतो. २००४ साली डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांना आदल्या दिवसाचा तासातासाचा हिशेब मागितला. सर्वांत नकोशा वेळांत सकाळचा प्रवास होता. आणि दिवस कसा जातो यावर उत्पन्न-शिक्षणापेक्षा झोप नीट झाली की नाही याचा परिणाम जास्त दिसला. त्या बायकांचा प्रवास बहुधा मोटारीचा. लेडीज डब्यात उभ्याने जाणाऱ्या बाईला हा निष्कर्ष ऐकवला तर ती हसेल.

तिचा हिशेब भारत सरकारच्या वेळ-वापर पाहणीत आहे. २०२४च्या पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात, पुरुष ८८. संध्याकाळच्या डब्यात मटार सोलणे, मेथी निवडणे, फरसबी चिरणे चालते ते या २८९ मिनिटांतली काही प्रवासात सरकवण्यासाठी. अशा बाईला ‘स्वतःसाठी रोज अर्धा तास काढा’ असे सांगितले की ती तो कुठून काढेल, हे आपल्याला आता माहीत आहे. २०२४मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या अंदाजानुसार भारतातल्या निम्म्या प्रौढांची शारीरिक हालचाल पुरेशी होत नाही; बायकांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२. इतके राबूनही बायका मागे, याचे कारण आळस नव्हे. ओट्याशी उभे राहणे, खाली बसून निवडणे, पुन्हा उभे राहणे याने पाय दुखतात, दम मात्र लागत नाही. हृदयाला हवा असतो तो दम.

व्यायामाबद्दल बातमी तशी बरी आहे, म्हणून थोडक्यात. रोज दहा हजार पावले हा आकडा वैद्यकशास्त्रातून आलेला नाही. १९६५च्या सुमारास जपानमध्ये विकायला आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे दम लागेल असे चालणे आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची २०२०ची शिफारस. ही मिनिटे शनिवार-रविवारी उरकली तरी हृदयाला जवळपास तेवढाच फायदा होतो, असे ब्रिटनमधल्या सुमारे नव्वद हजार लोकांच्या नोंदींवरून २०२३मध्ये दिसले. व्यायाम असा न करणाऱ्या पंचवीस हजार माणसांच्या २०२२च्या अभ्यासात, दिवसातून तीनदा मिनिट-मिनिटभर जोरात केलेली हालचाल, जिना धावत चढण्यासारखी, कमी मृत्युदराशी जोडलेली आढळली. स्टेशनच्या पुलाखाली सरकत्या जिन्याची रांग लांब असते आणि शेजारचा जिना मोकळा. मॉरिस यांचा कंडक्टर त्या जिन्यानेच गेला असता.

मग झोप कमी पडली तरी व्यायामाने भागेल का? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधून २०२३मध्ये आलेला अभ्यास पन्नाशीपुढच्या ८,९५८ इंग्रजांचा आहे. भरपूर हालचाल करणारे पण सहा तासांपेक्षा कमी झोपणारे, पन्नाशी-साठीतले लोक, दहा वर्षांत स्मरण आणि विचारशक्तीत हालचाल न करणाऱ्यांच्याच पंक्तीला येऊन बसले. सत्तरीपुढच्यांत मात्र व्यायामाचा फायदा टिकला. त्याआधी, २०२१मध्ये, ब्रिटिश सरकारी नोकरांच्या पंचवीस वर्षांच्या नोंदींतून निघाले होते की पन्नास, साठ आणि सत्तर या तिन्ही वयांत सातत्याने कमी झोपणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका सुमारे तीस टक्के जास्त होता. पहाटे चार वाजता उठून जिमला जाणाऱ्या आणि रात्री बाराला झोपणाऱ्या पंचेचाळिशीतल्या माणसाचे लोक कौतुक करतात. तो एका खिशातून काढून दुसऱ्यात टाकतो आहे.

आहारावर मराठी माणूस सर्वांत जास्त भांडतो. काही वर्षांपूर्वी घराघरांत दोन पक्ष पडले होते. एका बाजूला लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित, डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवरून: कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवण. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर: थोडे थोडे, दर दोन तासांनी, आणि तूप-भाताला न घाबरता. दोन्हींकडे वजन उतरलेली माणसे होती, लग्नाच्या पंक्तीत वादही होते. मला त्या वादात एक गोष्ट खटके. घरचे खा, साखर आणि पाकिटातले कमी करा, हे दोन्ही पक्ष सांगत होते, आणि तेवढ्याने दोन्हींकडचे बरेचसे काम झाले असावे. सव्वानऊला भाईंदरला उतरणाऱ्या, स्टेशनबाहेर वडापाव खाऊन रिक्षाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या आणि साडेदहाला जेवून अकराला आडव्या होणाऱ्या माणसाने पद्धत कुठली धरायची, हा प्रश्न मागेच राहिला.

आपल्या शरीराची एक वेगळी अडचणही आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. बारीक दिसणारा भारतीय आतून बारीक नसतो. २०२३च्या आयसीएमआर-इंडियाब अहवालात देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आणि साडेतेरा कोटींच्या आसपास मधुमेहाच्या उंबरठ्यावरची माणसे मोजली गेली. ‘माझे वजन कुठे जास्त आहे?’ हा बचाव त्यामुळे आपल्याकडे टिकत नाही.

काय खावे याच्या जोडीला कधी खावे हा प्रश्न अलीकडे पुढे आला, आणि त्यासाठी मीरा-भाईंदरइतके चांगले शहर शोधून सापडणार नाही. भाईंदर पश्चिमेच्या जैन वस्तीत सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपून नंतर पाणीही न घेणारी, चोविहार पाळणारी घरे आहेत. नोकरी-धंद्यातले लोक संध्याकाळचा डबा दुकानातच उघडतात. रेल्वेच्या पलीकडे नया नगरात रमजानच्या महिन्यात पहिला घास सूर्यास्तानंतर पडतो आणि सहरीसाठी झोप मधूनच मोडते. जेवण दिवसाच्या पहिल्या भागात संपवले तर इन्सुलिन चांगले काम करते, असे २०१८च्या एका प्रयोगात वजन न घटताही दिसले. पण त्यात पुरुष होते अवघे आठ, आणि त्यांचे शेवटचे जेवण दुपारी तीनच्या आत. तेवढ्यावरून चोविहाराला शास्त्राचा शिक्का मारणे घाईचे होईल. शतपावलीची बाजू बरीच भक्कम आहे. २०१३मध्ये साठीपुढच्या, साखर थोडी वाढलेल्या माणसांना तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालवले; दिवसभराची साखर सलग पंचेचाळीस मिनिटे चालण्याइतकीच आटोक्यात राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची तर त्याहून चांगली.

खाण्याने मन सुधारते का? ऑस्ट्रेलियात २०१७ साली नैराश्याच्या ६७ रुग्णांपैकी काहींना बारा आठवडे आहारतज्ज्ञाचे मार्गदर्शन मिळाले, बाकीच्यांना तेवढाच वेळ गप्पांची सोबत. आहारवाल्यांत ३२ टक्के बरे झाले, सोबतवाल्यांत ८. आकडा मोठा, गट लहान, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे प्रत्येकाला ठाऊक. म्हणून मी त्यावर सध्या अर्धाच विश्वास ठेवतो. व्यायामाचा पुरावा याहून दाट आहे. २०२४मध्ये ‘बीएमजे’त आलेल्या आढाव्यात २१८ प्रयोग होते, आणि चालणे-धावणे, योग, वजने उचलणे या तिन्हींनी नैराश्य कमी झाले. तिघांत मनाच्या बाबतीत आहार सर्वांत मागे आहे, असे निदान साठीपर्यंत तरी म्हणता येते.

साठीनंतर तो पुढे सरकतो, पण वेगळ्या कारणाने. तरुणपणी प्रश्न जास्त खाण्याचा असतो, म्हातारपणी कमी खाण्याचा. दात गेलेले, भूक मंदावलेली, मुले-सुना उशिरा येणार. मग रात्री कपभर दुधात पोहे किंवा चहा-खारी. स्नायू झिजतात ते इथे. भारतीय प्रौढाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, असे आयसीएमआरचे २०२०चे प्रमाण आहे; वृद्धांसाठी १ ते १.२ ग्रॅम हवीत, असे याचा अभ्यास करणाऱ्या तज्ज्ञांच्या गटाने २०१३मध्ये सुचवले. उत्तनच्या कोळणीच्या ताटात तांदळाच्या भाकरीबरोबर सुके बोंबील असतात, तिला हा हिशेब फारसा करावा लागत नाही. वरणाचे पाणी आणि भात खाणाऱ्या आजींना तो करावा लागतो.

झोपेबद्दल म्हातारी माणसे सर्वांत जास्त तक्रार करतात आणि तिथे उपाय सर्वांत जपून करावा लागतो. वयाबरोबर गाढ झोप कमी होते, झोप लवकर येते आणि पहाटे लवकर मोडते. सात-आठ तास अजूनही हवे असतात, पण ते सलग मिळतीलच असे नाही. पहाटे साडेतीनला जाग येणे हा दर वेळी आजार नसतो. त्यावर महिनोन्महिने घेतलेली झोपेची गोळी मात्र पडण्याचा धोका वाढवते, आणि या वयात पडणे म्हणजे अनेकदा खुब्याचे हाड. म्हणून पासष्टीपुढे जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायाम सांगते. चालण्याचा उंबरठा उलट कमी होतो. सरासरी ७२ वर्षांच्या १६,७४१ अमेरिकन बायकांत रोज ४,४०० पावले चालणाऱ्यांचा मृत्युदर २,७०० चालणाऱ्यांपेक्षा बराच कमी होता, आणि ७,५००च्या पुढे जास्तीचा फायदा दिसला नाही.

या वयात तिघांना वेगळे मोजणेच अवघड होते, कारण मध्ये सोबत येते. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ साली अंधेरीच्या लोखंडवालात पाच माणसांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला; मुंबईच्या उपनगरांतली मैदाने पुढे अशा गटांनी भरली. तिथे येणाऱ्या आजोबांना बरे वाटते ते हात वर करून हसल्याने, घराबाहेर पडून चालल्याने, सकाळचे ऊन अंगावर घेतल्याने, की दोन दिवस न दिसल्यास फोन करणारी चार माणसे मिळाल्याने? संशोधक यातला एकेक घटक सुटा करू पाहतात. आजोबांना त्याची गरज नाही.

त्यांना आणि आजींना गरज आहे ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती या विषयावरच्या लेखांत मी क्वचितच वाचली. देवनारच्या लोकसंख्या-विज्ञान संस्थेने केलेल्या पाहणीत देशातल्या साठीपुढच्या चारपैकी तिघांना काही ना काही दीर्घ आजार असल्याचे निघाले. रक्तदाबाची ‘पाण्याची गोळी’ घेणारे, मधुमेहामुळे वारंवार लघवीला जाणारे, प्रोस्टेटचे, गर्भाशय खाली आलेल्या बायका. सकाळी गोळी घेतली की दोन-तीन तास त्यांना घर सोडवत नाही. काही जणी फेरी मारायला जायचे म्हणून गोळीच मागे ढकलतात, डॉक्टरांना न विचारता. काही गोळी घेतात आणि फेरी सोडतात. बागेची जाहिरात करताना चालण्याच्या पट्ट्याची लांबी आणि व्यायामाच्या यंत्रांची संख्या सांगतात. आत जाण्यासारखे, पाणी असलेले, आतून कडी लागणारे स्वच्छतागृह आहे का, आणि ते पहाटे साडेपाचला उघडते का, हे आजींना गेल्यावरच कळते.